स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा लिहिताना राखीव शब्द कसे ठरवावेत

मायएसक्यूएल या डेटाबेसची ८.० ही आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि तोवर बिनतक्रार चालणाऱ्या कित्येक क्वेरी एकाएकी अडू लागल्या. नव्या आवृत्तीत विंडो फंक्शन (आसपासच्या ओळी पाहून क्रमांक वगैरे काढणारी फंक्शन) आली, त्यांच्यासोबत ‘रँक’ हा शब्द राखीव झाला, आणि निकालांच्या, स्पर्धांच्या, विक्रीच्या टेबलांत ‘रँक’ नावाचा कॉलम तर जागोजागी असतो. डेटा तोच होता, क्वेरीही तीच होती. एक शब्द तेवढा वापरणाऱ्यांच्या हातून निघून भाषेच्या मालकीचा झाला होता.

हौस म्हणून, कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा ऑफिसातल्या एखाद्या ठरावीक कामासाठी छोटी भाषा लिहायला घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अशी भाषा लिहिताना व्याकरण आणि वेग यांवर पुष्कळ विचार होतो, राखीव शब्दांची यादी मात्र दहा मिनिटांत उरकली जाते. व्याकरणातली चूक पुढच्या आवृत्तीत बऱ्याचदा सावरता येते. राखीव शब्दाचं तसं नाही. तो काढून टाकणं सोपं असतं, पण नंतर वाढवायचा म्हटलं की कुणाचा ना कुणाचा चालता प्रोग्रॅम मोडतो. उदाहरणासाठी मी मराठी शब्दांची एक छोटी भाषा घेतो, कारण देवनागरीत काम करताना येणाऱ्या काही अडचणी इंग्रजी शब्दांच्या भाषांना कधी भेटतच नाहीत.

पायरी १ : कीवर्ड आणि राखीव शब्द वेगळे ओळखा

ज्या शब्दाला भाषेत खास अर्थ आहे तो कीवर्ड. जो शब्द व्हेरिएबल, फंक्शन वगैरेंना नाव म्हणून देताच येत नाही तो राखीव शब्द. दोन्ही गट पुष्कळदा एकमेकांवर पडतात, पण नेहमी नाही. जावात ‘गोटू’ आणि ‘कॉन्स्ट’ हे शब्द राखीव आहेत, पण त्यांचं काम काहीच नाही. उलट सी-शार्पमध्ये ‘व्हार’ला खास अर्थ आहे, तरी त्या नावाचं व्हेरिएबल करता येतं. अशा दुसऱ्या प्रकाराला संदर्भी कीवर्ड म्हणतात. पुढे ते आपल्याला फार उपयोगी पडणार आहेत.

पायरी २ : राखीव शब्द हवेतच का, हे आधी ठरवा

ते नसले तरी भाषा चालते. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केलेल्या आणि १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रानमध्ये एकही राखीव शब्द नव्हता, शिवाय मोकळ्या जागेलाही अर्थ नव्हता. त्यामुळे

    डू १० आय = १,१०

ही लूपची सुरुवात, तर

    डू १० आय = १.१०

म्हणजे ‘डू१०आय’ नावाच्या व्हेरिएबलला १.१० ही किंमत. स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं की लूप नाहीसा व्हायचा, आणि व्हेरिएबल आधी जाहीर करण्याची सक्ती नसल्यामुळे कंपायलर काही बोलायचाही नाही. हे विधान कोणत्या जातीचं आहे हे स्वल्पविरामापर्यंत पोचल्याशिवाय कळायचं नाही. पुढे १९६० च्या दशकातल्या पीएल/वन भाषेनेही काहीच राखीव ठेवलं नाही. ‘इफ’, ‘देन’, ‘एल्स’ याच नावांची व्हेरिएबल घेऊन

    इफ इफ = देन देन देन = एल्स; एल्स एल्स = इफ;

असं तिथे नियमात बसवून लिहिता येतं. मशीन ते वाचू शकतं, माणसाला मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं.

दुसरे मार्गही आहेत. लिस्पमध्ये प्रत्येक गोष्ट कंसात असते आणि कंसातलं पहिलं पद काय करायचं ते सांगतं, त्यामुळे रचना कंसावरून कळते. पर्लमध्ये व्हेरिएबलच्या आधी डॉलरसारखं चिन्ह लागतं, म्हणून डॉलर लावलेला ‘इफ’ हे बिनधोक नाव ठरतं. तुमची भाषा अशा घाटाची असेल तर पुढचं निम्मं काम वाचलं.

नसेल, तर राखीव शब्द ठेवा. त्यांच्यामुळे पार्सरला, म्हणजे प्रोग्रॅम वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाला, विधानाच्या पहिल्याच शब्दावर कळतं की पुढे काय येणार आहे. मराठीचं वाक्य क्रियापदाशी संपतं. ‘वय १८ पेक्षा जास्त असेल तर’ असा क्रम ठेवला तर अट आहे हे पार्सरला अट संपल्यावर कळेल. सुदैवाने ‘जर… तर’ ही जोडी मराठीत आधीपासून आहे आणि तिचा ‘जर’ सुरुवातीलाच येतो. तो तिथेच ठेवा.

पायरी ३ : यादी करा आणि प्रत्येक शब्दाला उलट तपासा

माझ्या मते या कामातला सर्वांत उपयोगी नियम एकच आहे : नामं शक्यतो राखीव करू नका. लोक व्हेरिएबलना नावं देतात ती बहुतेक नामंच असतात. ‘इफ’ किंवा ‘व्हाइल’ नावाचं व्हेरिएबल कुणाला हवंसं वाटत नाही, म्हणून ते शब्द गेले तरी कुणाचं अडत नाही. त्रास देणारे शब्द पाहा : क्लास, टाइप, ऑर्डर, यूझर, रँक. सगळी नामं. विक्रीच्या डेटाबेसमध्ये ‘ऑर्डर’ नावाचं टेबल करायला जाऊन एसक्यूएलची चूक पाहिली नाही असा प्रोग्रॅमर विरळा.

मराठीत तर हा नियम पाळायला फार सोपं जातं, कारण अव्ययांचा साठा मोठा आहे : जर, तर, आणि, किंवा, जोवर, अन्यथा, परत. त्यांना जोडून आज्ञार्थी क्रियापदं घ्या. शाळेच्या गणितात आपण ‘समजा क्ष = ५’ असं लिहीत आलो, तोच ‘समजा’ व्हेरिएबल जाहीर करायला नेमका बसतो. फंक्शनसाठी ‘कार्य’ हा शब्द चटकन सुचतो, पण कामांची यादी ठेवणाऱ्याला तो नाव म्हणून लागणारच, म्हणून मी ‘ठरवा’ घेतो. क्लाससाठी ‘वर्ग’ तर अजिबात नको. शाळेचा निकाल लावणाऱ्याला तो तुकडीसाठी हवा आणि गणित करणाऱ्याला घातासाठी.

क्रियापदांतही फसगत होते. लूपमधून बाहेर पडायला ‘थांबा’ छान वाटतो, पण एसटीचं वेळापत्रक लिहिणाऱ्याला ‘थांबा’ हे नाव पहिल्याच ओळीत लागेल. तिथे ‘पुरे’ चालेल. शिवाय आज्ञार्थाचं रूप एकच धरा. ‘समजा’ आणि ‘ठरवा’ ठेवून तिसरीकडे ‘थांब’ केलंत, तर कुठे आदर आणि कुठे एकेरी हे वापरणाऱ्याला पाठ करत बसावं लागेल.

आता नमुना :

    समजा मुद्दल = १००००

    ठरवा व्याज(रक्कम, दर, वर्षे) {
        परत रक्कम * दर * वर्षे / १००
    }

    जर व्याज(मुद्दल, ७, २) > १००० तर {
        छापा("जास्त")
    } अन्यथा {
        छापा("कमी")
    }

यात ‘छापा’ राखीव नाही, ते साधं फंक्शन आहे. जी गोष्ट फंक्शन म्हणून देता येते तिला राखीव शब्दांत बसवू नये. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ हा राखीव शब्द होता आणि त्याचं वेगळं विधान होतं. २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत तो फंक्शन झाला आणि त्या एका बदलापायी असंख्य प्रोग्रॅमना हात लावावा लागला. गो भाषेने ही वाट आणखी पुढे नेली. तिचे कीवर्ड अवघे २५ आहेत, आणि ‘ट्रू’, ‘फॉल्स’, ‘निल’, ‘इंट’, ‘लेन’ ही सगळी आधीच जाहीर केलेली साधी नावं आहेत. कुणी ‘लेन’ नावाचं स्वतःचं व्हेरिएबल केलं तरी गो अडवत नाही. मी ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ बाबतीत इतका सैल राहणार नाही. पायथन २ मध्ये ‘ट्रू’ला ‘फॉल्स’ची किंमत देता यायची, आणि तसं स्वातंत्र्य कुणाच्याच कामाचं नसतं. तुमच्या भाषेत ‘खरे’ आणि ‘खोटे’ राखीव ठेवा.

किती शब्द असावेत? सीच्या १९८९ च्या प्रमाण आवृत्तीत ३२ होते, एडाच्या १९८३ च्या आवृत्तीत ६३, कोबोलमध्ये काहीशे. छोट्या भाषेला १५ ते २० पुरतात. त्यापुढे गेलात तर यादी पुन्हा चाळा, नामं सापडतील.

पायरी ४ : देवनागरी शब्द निवडताना

इथे घाई करू नका.

पहिली अडचण जोडून की तोडून लिहिण्याची. ‘नाहीतर’ हा शब्द बरेच लोक ‘नाही तर’ असा लिहितात. तुमच्या भाषेत ‘नाही’ हा नकाराचा शब्द असेल आणि ‘तर’ही असेल, तर तोडून लिहिलेल्या रूपातून दोन राखीव शब्द निघतील आणि चुकीचा संदेश भलत्याच जागेबद्दल येईल. म्हणून मी ‘अन्यथा’ घेतलं. ‘जोपर्यंत’ऐवजी ‘जोवर’ घेण्यामागेही हेच कारण आहे.

दुसरी अडचण दिसायला एक पण साठवायला वेगळ्या अशा अक्षरांची. ‘दुसऱ्या’ शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, मग हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याची रीत, केलं तरी हा फरक मिटत नाही. ते ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ यांना एक करतं, जोडचिन्हाला हात लावत नाही. तसंच ‘ॲ’ हे एक अक्षर आणि ‘अ’ला ‘ॅ’ लावून झालेलं रूप, हे दोन वेगळे. ‘बँक’मधलं चंद्रबिंदू आणि ‘ॅ’वर दिलेला अनुस्वार, हेही वेगळे. यांतलं काहीही राखीव शब्दात येऊ देऊ नका. वापरणाऱ्याच्या नावांत मात्र ही अक्षरं येणारच, म्हणून स्रोत वाचताना आधी एनएफसी करा आणि वर सांगितलेल्या जोड्या आपल्या नियमाने एकरूप करा. दोन वेगळी ‘बँक’ व्हेरिएबल तयार झाली तर चूक शोधणाऱ्याला ती डोळ्यांनी दिसूच शकत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होणारे शब्दही टाळलेले बरे. जर, तर, परत यांत तो प्रश्नच येत नाही.

तिसरी गोष्ट अडचण म्हणावी अशी नाही, पण लक्षात असावी. रोमन लिपीत ‘क्लास’ राखीव असला तरी पहिलं अक्षर मोठं केलं की जावात नाव मोकळं होतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ही पळवाट नाही. म्हणजे यादी आखूड ठेवण्याची गरज आपल्याला जास्त आहे.

पायरी ५ : लेक्सर लिहा

लेक्सर म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर शब्दाशब्दांत, म्हणजे टोकनांत, तोडणारा भाग. नवखे लोक त्यात प्रत्येक राखीव शब्दासाठी वेगळा नियम लिहितात आणि तिथे फसतात. बरोबर रीत अशी की आधी जितकं लांब जाईल तितकं पूर्ण नाव वाचायचं, आणि मग ते राखीव यादीत आहे का ते हॅश टेबलमध्ये पाहायचं.

    जर अक्षर नावाच्या सुरुवातीला चालतं :
        नावात चालणारी अक्षरं संपेपर्यंत वाच
        मिळालेला शब्द प्रमाणित कर
        शब्द राखीव यादीत असेल तर त्या राखीव शब्दाचं टोकन दे
        नसेल तर नावाचं टोकन दे

असं केलं नाही तर साडीच्या दुकानाच्या हिशेबातलं ‘जरी’ हे नाव ‘जर’ आणि एक सुटी वेलांटी असं फुटेल. ‘परतावा’मधून ‘परत’ निघेल आणि ‘तरतूद’मधून ‘तर’. मराठी हिशेबात हे तिन्ही शब्द रोजचे आहेत.

‘नावात चालणारी अक्षरं’ कोणती हेही जपून ठरवा. पायथनमध्ये लेक्सर लिहीत असाल तर अक्षर आहे का हे पाहायला ‘इझअल्फा’ वापरू नका. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं गणली जात नाहीत, ती चिन्हं आहेत, म्हणून ‘इझअल्फा’ त्यांना नाकारतं. ‘जर’ आणि ‘तर’ यांत मात्रा नसल्यामुळे चाचणी पास होते, आणि ‘किंवा’ आला की लेक्सर कोसळतो. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीतला) ‘डब्ल्यू’चा वर्गही असाच वागतो. शब्दसीमेचं चिन्ह लावून ‘जर’ शोधलात तरी ‘जरी’मध्ये तो सापडतो, कारण वेलांटीपाशी शब्द संपला असं तो मानतो. युनिकोडने नावांसाठी वेगळे गुणधर्म ठरवले आहेत, एक सुरुवातीच्या अक्षरासाठी आणि एक पुढच्या अक्षरांसाठी. पायथनमधलं ‘इझआयडेंटिफायर’ त्यांवरच चालतं. तेच वापरा.

पायरी ६ : पहिल्याच आवृत्तीत सुटकेची वाट ठेवा

राखीव शब्द नाव म्हणून वापरायचाच असेल तर कसा वापरावा, याची सोय असायलाच हवी. सी-शार्पमध्ये शब्दाआधी ॲट-चिन्ह लावतात. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये शब्द बॅकटिकमध्ये, म्हणजे ` या चिन्हाच्या जोडीत, ठेवतात. रस्टमध्ये आर आणि हॅश पुढे लावतात. एसक्यूएलच्या प्रमाणात दुहेरी अवतरणचिन्हं आहेत, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, आणि रँकच्या प्रकरणात लोकांना याच बॅकटिकने तारलं. आपल्या भाषेतही मी बॅकटिकच धरतो.

ही सोय खरी लागते ती दोन भाषा एकत्र आल्यावर. जावाच्या मॉकिटो या चाचणी लायब्ररीत ‘व्हेन’ नावाचं फंक्शन आहे आणि कोटलिनमध्ये ‘व्हेन’ राखीव आहे. बॅकटिकची सोय नसती तर कोटलिनमधून त्याला थेट हाक मारताच आली नसती. जिथे अशी वाट नसते तिथे लोक नावंच वाकडी करतात. पायथनमध्ये ‘क्लास’च्या शेवटी अधोरेखा जोडतात. ब्राउझरच्या डॉममध्ये, म्हणजे वेबपानाचे भाग प्रोग्रॅमच्या हाती देणाऱ्या रचनेत, ‘क्लास’चं ‘क्लासनेम’ झालं आणि ‘फॉर’चं ‘एचटीएमएलफॉर’, कारण जावास्क्रिप्टमध्ये टिंबानंतरही राखीव शब्द चालत नसे. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या प्रमाणाने, ईएस५ने, ती बंदी उठवली, पण नावं तीच राहिली, आणि रिॲक्ट ही वेबपानं बनवण्याची लायब्ररी शिकणारी मुलं आजही ‘क्लासनेम’ लिहितात. यावरून एक फुकटची सवलत घ्या : टिंबानंतर राखीव शब्द आला तर त्याला नाव समजा. तिथे विधान सुरू होऊच शकत नाही, म्हणून संदिग्धताही नाही.

पायरी ७ : उद्या लागणाऱ्या शब्दांची तजवीज

भाषा वाढली की नवे शब्द लागतात. जावाला १.४ मध्ये, म्हणजे २००२ मध्ये, ‘असर्ट’ लागला आणि २००४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘इनम’. जावात एन्युमरेशनच्या (यादीतले घटक एकेक करून देणाऱ्या वस्तूच्या) व्हेरिएबलला ‘इनम’ म्हणण्याची चाल होती, ते सगळे प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर अडले. हे टाळण्याच्या चार रीती प्रचलित आहेत.

पहिली, शब्द आगाऊ राखून ठेवणं. रस्टने ‘यील्ड’, ‘ॲबस्ट्रॅक्ट’, ‘व्हर्च्युअल’ असे बरेच शब्द आधीच बाजूला ठेवले आहेत. पण अंदाज चुकतो. जावास्क्रिप्टच्या १९९९ च्या प्रमाणाने जावाकडे पाहून ‘बाइट’, ‘चार’, ‘बूलियन’ वगैरे डझनावारी शब्द अडकवले, त्यांचा उपयोग झाला नाही आणि दहा वर्षांनी ईएस५ने त्यांतले बरेच मोकळे केले. आगाऊ राखायचेच तर तीन-चार राखा. लूपचे आणखी प्रकार आणि चुका हाताळण्याची रचना, एवढ्यापुरते.

दुसरी, कुणी नाव म्हणून वापरलाच नसेल असा शब्द घेणं. सीने १९९९ च्या प्रमाणात ‘बूल’च्या आधी अधोरेखा लावून मोठ्या बी-ने तो लिहिला, कारण तशी नावं प्रमाणाने आधीच स्वतःकडे ठेवली होती. सी++च्या २०२० च्या आवृत्तीने ‘अवेट’ला ‘को’ हा उपसर्ग जोडला. दिसायला ओबडधोबड, पण कुणाचा प्रोग्रॅम मोडला नाही. सी++ने २०११ च्या आवृत्तीत आणखी हुशारी केली : सीकडून आलेला ‘ऑटो’ कुणी वापरत नव्हतं, त्यालाच नवा अर्थ दिला.

तिसरी रीत संदर्भी कीवर्डची, आणि मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते. पायथनला ३.१० मध्ये, २०२१ साली, ‘मॅच’ आणायचा होता. पण रेग्युलर एक्स्प्रेशनच्या लायब्ररीत ‘मॅच’ फंक्शन आहे आणि त्याचं उत्तर ‘मॅच’ याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची सवय सर्वत्र. म्हणून तो राखीव केला नाही. ३.९ मध्ये आलेला नवा पार्सर ओळ पूर्ण वाचून ठरवतो की हे ‘मॅच’चं विधान आहे की त्या नावाच्या फंक्शनला हाक.

पण ही रीत सगळीकडे चालत नाही. ‘अवेट’ घ्या. त्याच्यापुढे कंस आला तर ती वाट पाहण्याची आज्ञा की ‘अवेट’ फंक्शनला हाक? दोन्ही अर्थ पूर्णपणे वैध आहेत, आणि पुढे कितीही वाचलं तरी उत्तर मिळत नाही. सी-शार्पने यावर सुरेख तोड काढली : ‘असिंक’ अशी खूण असलेल्या फंक्शनच्या आतच ‘अवेट’ला खास अर्थ. तेव्हा नवा शब्द संदर्भी करण्याआधी त्याच्यापुढे कंस, उणे चिन्ह आणि चौकोनी कंस ठेवून पाहा. तिन्ही ठिकाणी एकच अर्थ निघाला तर पुढे जा. किंमतही ध्यानात असू द्या. एडिटरमध्ये रंग देणाऱ्या साधनांना असे शब्द ओळखणं जड जातं.

चौथी, आवृत्तीची खूण. रस्टमध्ये प्रत्येक प्रकल्प आपली ‘एडिशन’ सांगतो. २०१८ च्या एडिशनमध्ये ‘असिंक’, ‘अवेट’, ‘डिन’ राखीव झाले, पण २०१५ ची एडिशन लिहिलेले प्रकल्प जसेच्या तसे चालत राहिले, आणि दोन्ही एकमेकांना वापरू शकतात. छोट्या भाषेतही फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती लिहिण्याची सक्ती करणं फार अवघड नाही. करायची असेल तर पहिल्या दिवसापासून.

पायरी ८ : चुकांचे संदेश

‘समजा जर = ५’ असं कुणी लिहिलं, तर ‘अनपेक्षित टोकन’ म्हणून गप्प बसू नका. ‘जर हा राखीव शब्द आहे, नाव म्हणून वापरायचा तर बॅकटिकमध्ये लिहा’ असं पूर्ण सांगा. शिकणाऱ्याला राखीव शब्दांची ओळख बहुधा अशा चुकीतूनच होते.

राखीव शब्द चुकीतून सावरायलाही मदत करतात. कंस बंद करायचा राहिला आणि पुढची ओळ ‘समजा’ने सुरू झाली, तर पार्सरला खात्रीने कळतं की नवं विधान आलं. मधलं सोडून द्यायचं, तिथून पुन्हा वाचायला लागायचं, म्हणजे एका चुकलेल्या कंसापायी पन्नास खोट्या चुका छापल्या जात नाहीत.

पायरी ९ : चाचण्या आणि यादीची फाइल

यादीतल्या प्रत्येक शब्दासाठी चार चाचण्या लिहा : तो नाव म्हणून दिला तर योग्य संदेश येतो का, बॅकटिकमध्ये चालतो का, टिंबानंतर चालतो का, आणि त्याने सुरू होणारं लांब नाव, म्हणजे परतावा, तरतूद, जरी, समजावणी, अखंड राहतं का. त्यांत ‘बँक’, ‘ॲप’, ‘दुसऱ्या’ यांची दोन्ही प्रकारे टाइप केलेली रूपं घाला.

नवा शब्द राखीव करायचा ठरला तर एक आवृत्ती आधी फक्त इशारा द्या. पायथनने ‘असिंक’ आणि ‘अवेट’च्या बाबतीत तेच केलं : ३.५ मध्ये मर्यादित अर्थ, ३.६ मध्ये नाव म्हणून वापरल्यास इशारा, ३.७ मध्ये पूर्ण राखीव. तरीही ‘असिंक’ नावाचा पॅरामीटर असलेल्या काही लायब्ररी ३.७ वर मोडल्या. इशारा नसता तर त्यांची संख्या किती वाढली असती याचा विचार करा.

शब्दांची यादी एकाच फाइलमध्ये ठेवा. राखीव, संदर्भी आणि आगाऊ राखलेले असे तीन भाग, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या आवृत्तीत आला ते. लेक्सरने तीच फाइल वाचावी, एडिटरचे रंगही तिच्यातूनच निघावेत, माहितीपुस्तिकेतला तक्ताही. पायथनमध्ये ‘कीवर्ड’ नावाचं मॉड्यूल या याद्या प्रोग्रॅमला देतं, त्यामुळे कोड तयार करणारी साधनं नाव ठेवण्याआधी विचारू शकतात. तुमच्या भाषेतही तसं एक फंक्शन द्या. लिहायला ते पाच ओळींचं असतं.